निंब गेला, थांबा राहिला

सेलूकर मित्रहो, आज दुपारी वर्ध्याहून बसने परतत होतो. शेजारच्या आजींनी वाहकाला सांगितले, "बापू, मले निंबापाशी उतरवजो."

वाहक नवा होता. "कोनता निंब, माय? इथं त झाडच नाई."

चालक पुढून हसला. "थांब्याचं नाव हाय थे, भाऊ." त्याने बस बरोबर जागेवर थांबवली.

मीही तेथेच उतरलो. रस्ता रुंद करण्याच्या नगरपंचायतीच्या ठरावानुसार तो कडुनिंब तोडला गेला. रस्ता चांगला झाला, हे मान्य करायलाच हवे. सावली मात्र विजेच्या खांबाएवढीच उरली. हिंगणीच्या बसची वाट पाहणारी माणसे तिच्यात एकामागे एक उभी होती. आजींनाही तीच बस धरायची होती, म्हणून मीही त्यांची पिशवी घेऊन रांगेत मागे उभा राहिलो.

"सरकजो न जरासाक," आजी पुढच्या गृहस्थांना म्हणाल्या, "खांबाले का फांद्या फुटनार हायेत?"

सगळे हसले. मला मात्र त्या झाडाची फार आठवण आली.

आता दुभाजकात शोभेचे पाम लावण्याचा प्रस्ताव उद्याच्या सभेपुढे आहे. मला थांब्यापाशी कडुनिंब हवा आहे. या वयात त्याची सावली मला लाभेल असे वाटत नाही, तरीही हवा आहे. सभेपूर्वी नगराध्यक्षांना भेटणार आहे. सोबत कोण येता?