पोटातली रेघ

माझी मोठी मावशी औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचते. 'गोळ्या'चं 'गोळया' झालेलं दिसलं की आधी ते दुरुस्त करते, मग गोळी घेते. ताप तोवर थांबतो. एकदा एका दवाखान्याच्या पाटीवर 'तज्ञ' लिहिलेलं पाहून तिने आत जायलाच नकार दिला. ज्याला स्वतःचं 'तज्ज्ञ' नीट लिहिता येत नाही तो माझं काय तपासणार, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी आईने तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तिथे पाटीच नव्हती.

अडतीस वर्षं तिने एका साप्ताहिकात मुद्रितशोधकाचं काम केलं. छपाईच्या आधी प्रुफं वाचायची, लेखकाच्या हस्तलिखिताशी ओळ न् ओळ ताडून पाहायची आणि चुका लाल शाईने समासात दाखवायच्या. तिची खोली अर्धी जमिनीखाली होती. वर एकच आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. टेबलावर एक तिरकी फळी, शाईची दौत आणि ओळीखाली धरायची लाकडी पट्टी. छापखान्यातले लोक तिला वेलांटीबाई म्हणायचे. एक तर ऱ्हस्व-दीर्घावरून ती लेखकांशी, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याशी आणि वेळ आली तर संपादकांशीही भांडायची. दुसरं म्हणजे वाकून वाकून तिची मान एका बाजूला अशी कलली होती की पाठमोरी चालताना ती दुसरी वेलांटीच दिसायची.

त्या नावाचा तिला राग नव्हता. तिला दुसऱ्याच एका शब्दाचा राग होता, पण ते मला फार उशिरा कळलं.

आजोबा गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिच्या पाठीवर तीन भावंडं, त्यातली सगळ्यात धाकटी माझी आई. मावशीने नोकरी धरली, तिघांना शिकवलं, तिघांची लग्नं केली, स्वतःचं राहून गेलं की तिने राहू दिलं, हे तिला कोणी विचारलं नाही. लोकांनी परस्पर उत्तर ठरवून टाकलं होतं. शेजारणी म्हणायच्या, बिचारी. मामा म्हणायचा, बिचारीने आमच्यासाठी काय नाही केलं. आईच्या तोंडी तर ते विशेषण नावाला चिकटूनच यायचं: ताई बिचारी. हे सगळं प्रेमाने बरं का. आणि खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणायचे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी मी विषय घेतला, 'साहित्य आणि माध्यमांतली साचेबंद स्त्री'. आमच्या मॅडमनी बजावलं, मतं नकोत, मोजून आण. म्हणून ग्रंथालयातून मावशीच्याच साप्ताहिकाचे पंचवीस वर्षांचे बांधीव खंड काढले आणि कथांमध्ये, जाहिरातींमध्ये बायकांना कोणकोणते शब्द लावलेत ते मोजत बसले. चार महिने धूळ खाल्ली. जाहिरातींतल्या बायका साबणाच्या वडीकडे बघून जितक्या प्रेमाने हसतात, तितक्या प्रेमाने आमच्या घरात कोणी कोणाकडे बघितल्याचं मला आठवत नाही. कथांतल्या बायका दोनच तऱ्हांच्या, सोशिक नाहीतर कजाग. कजाग असली तर शेवटच्या परिच्छेदात सुधारायची आणि सोशिक असली तर शेवटच्या परिच्छेदात मरायची. कमावती असो, टाकलेली असो, चार लेकरांची आई असो, लेखक तिला एक शब्द हमखास जोडायचे. बिचारी. चारशे बारा वेळा मोजला मी.

सतरा ठिकाणी मात्र भलतंच छापलेलं होतं. तिथे 'बिचारी'ऐवजी 'विचारी' होतं. 'घरात खाणारी पाच तोंडं आणि ही विचारी एकटी कमावणारी.' मला आधी वाटलं, लेखकालाच तसं म्हणायचं असेल. पण यातल्या काही कथा पुढे पुस्तकांत आल्या होत्या. ती पुस्तकं काढून पाहिली, तर तिथे सरळ 'बिचारी'. म्हणजे साप्ताहिकात 'ब'च्या पोटातली रेघ उडाली होती. मॅडम म्हणाल्या, परिशिष्टात तक्ता दे. मी दिला. वर शीर्षक घातलं 'मुद्रणदोष' आणि खाली एक वाक्य लिहिलं: 'या सतरा चुका मुद्रितशोधनातील निष्काळजिपणामुळे राहिल्या असाव्यात.'

ते वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. अडतीस वर्षांत आपल्या नजरेतून एक चूक सुटली नाही, एवढी एकच गोष्ट मावशी मिरवायची. दागिने नव्हते, घर भाड्याचं होतं, मिरवायला दुसरं होतंच काय तिच्याकडे? तिच्या निरोपाच्या दिवशी संपादकांनी भाषणात हेच सांगितलं होतं आणि ते भाषण तिला अजून पाठ आहे. तिच्या नावावरचा तो एकुलता एक मान मी माझ्या मार्कांसाठी पुसायला निघाले होते. पण माझं सगळं लिखाण शाळेपासून तीच तपासते, तेव्हा पान लपवून ठेवणं मला जमलं नाही. अख्खा अहवाल, अगदी आधीच लिहून ठेवलेल्या आभाराच्या पानासकट, तिच्या हातात दिला.

दोन दिवस ती खिडकीशी बसून वाचत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने गठ्ठा परत केला. मी बाकी काही न चाळता थेट परिशिष्ट उघडलं. तक्त्याला तिने हात लावला नव्हता. फक्त 'निष्काळजिपणा'मधल्या 'जि'वर लाल खूण करून समासात लिहिलं होतं: दीर्घ. स्वतःवरच्या आरोपातलं शुद्धलेखन सुधारून दिलं होतं बाईने. मला हसू येईना आणि रडूही.

मी म्हटलं, मावशी, हे पान मी काढून टाकते. ती म्हणाली, मग तुझी बेरीज चुकेल. मोजलेलं खोटं लिहायचं नाही. मग तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि काय झालं होतं ते सांगितलं.

पहिली चूक खरोखरीची चूक होती. एका कथेत एक मुलगी वडिलांमागे नोकरी करून भावंडांना वाढवते. हस्तलिखितात होतं, 'ती बिचारी रोज सकाळी कामाला निघायची.' जुळाऱ्याने घाईत 'ब'च्या खणाऐवजी 'व'च्या खणात हात घातला. प्रूफ मावशीच्या टेबलावर आलं. तिने लाल शाईत टाक बुडवला आणि तिथेच थांबली. ती विचारी रोज सकाळी कामाला निघायची. तिने ते वाक्य तीनदा वाचलं. तिला वाटलं, हे बरोबर आहे, ते चूक होतं. निघायचीच तर होती ती, विचार करून, डबा भरून, तिघांच्या फिया लक्षात ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक चूक डोळ्यांनी बघून जाऊ दिली. अंक निघाला. कोणाचं काही बिघडलं नाही.

त्यानंतरच्या चुका तिने स्वतः केल्या. नियम मात्र कडक होते. एकाच अक्षराला हात लावायचा, वाक्य दोन्ही बाजूंनी नीट वाचता आलं पाहिजे आणि वर्षाला एकीपेक्षा जास्त नाही. उपवास सोडल्यासारखी ती वर्षभर वाट बघायची, असं म्हणाली.

"अहवालात मी खरं लिहिते," मी म्हटलं. "निष्काळजी कशाला म्हणवून घेतेस?"

"चूक म्हणूनच राहू दे," मावशी म्हणाली. "निष्काळजी बाईला लोक माफ करतात. लेखकाच्या वाक्यात मुद्दाम हात घालणारीला करत नाहीत. आमच्या धंद्यात ती चोरी आहे."

तिने माझ्याकडून वचन घेतलं. मी गठ्ठा तसाच टंकलेखनाच्या दुकानात नेऊन दिला. तिथल्या मुलीने लाल खुणांप्रमाणे सगळं सुधारून छापलं आणि बांधून दिलं.

सादरीकरणाच्या दिवशी कॉलेजच्या लहान सभागृहात साठेक माणसं होती. बाहेरून आलेले परीक्षक पुढे बसले होते आणि त्यांच्या शेजारी मॅडमनी खास बोलावलेले पाहुणे, म्हणजे साप्ताहिकाचे ते निवृत्त संपादक. शेवटच्या रांगेत आई आणि मावशी. मी आकडे सांगत गेले, लोक साबणाच्या बायकांवर हसले, सगळं सुरळीत चाललं होतं. परिशिष्टाचा तक्ता भिंतीवर दिसला आणि संपादकांनी हात वर केला.

ते म्हणाले, "हे शक्य नाही. आमच्या शोधकबाईंच्या नजरेतून अडतीस वर्षांत एक अक्षर सुटलेलं नाही. या मुलीने खंड नीट वाचलेले नाहीत. आणि हिला नसलेल्या सतरा चुका दिसत असतील, तर त्या चारशे बारांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

परीक्षकांनी मान डोलावली आणि पेनाला टोपण लावलं. चार महिन्यांचं काम माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात चाललं होतं. पुस्तकांची यादी दाखवावी म्हटलं, तर ती दाखवून मावशीलाच निष्काळजी ठरवायचं. खरं सांगावं, तर वचन मोडायचं. आणि माझ्यावर तुटून पडणारा माणूस तिचीच बाजू घेऊन बोलत होता.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सतरा नाहीत, साहेब," मावशी म्हणाली. "तेवीस आहेत. सहा हिला सापडल्या नाहीत."

सगळे वळले. ती पुढच्या खुर्चीला धरून उभी होती, मान नेहमीसारखी कललेली.

"आणि चुका नाहीत त्या. मी केल्यात. माझ्या हाताने."

संपादकांनी विचारलं, का. मावशी जराही आवाज न चढवता म्हणाली, "अडतीस वर्षं तुमच्या कथांतून मी बिचाऱ्या वाचल्या. एवढ्यांत एखादी तरी विचारी असेलच की."

"आणि मला कधी दिसलं कसं नाही?"

"तुम्ही फक्त तुमचा अग्रलेख वाचायचात, साहेब."

सभागृह हसलं. परीक्षकही हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. संपादक मात्र हसले नाहीत. चहाला थांबले नाहीत आणि जाताना मावशीसमोरून गेले तरी तिच्याशी बोलले नाहीत. तिची अडतीस वर्षांची कोरी पाटी त्या दुपारी खराब झाली, हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक होतं. माझे चार महिने वाचावेत म्हणून तिने ती स्वतःच्या हाताने पुढे केली. मला तिचा असा अभिमान वाटला की छातीत मावेना. घरी जाताना मी तिचा हात धरला होता आणि रस्त्यावर ओळखीचं कोणी भेटतंय का ते बघत होते. त्या दिवशी नेमकं कोणी भेटलं नाही.

उरलेल्या सहा कुठे, ते तिने सांगितलं नाही. शोध म्हणाली. मी पुन्हा ग्रंथालयात जाऊन बसले. मी एकाच शब्दामागे होते म्हणून त्या सुटल्या होत्या. 'ती भर कचेरीत रडली'चं तिने 'नडली' केलं होतं. 'चारचौघांत ती लाजली'चं 'गाजली'. एका बाईने आयुष्यभर सगळं सोसलं होतं, तिने मावशीच्या कृपेने सगळं सोडलं. अशा पाच सापडल्या, आणि दर वेळी मी एकटीच मोठ्याने हसले, ग्रंथपाल रागावले. सहावी काही केल्या सापडेना. मावशीला विचारलं तर म्हणाली, खंडांत नाही ती, जवळ बघ.

निकाल लागला. पहिला वर्ग मिळाला. आईने कौतुकाने बांधलेला अहवाल हातात घेतला आणि आभाराचं पान मावशीला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. ते पान मी लिहिलं तेव्हापासून कधी उघडूनच बघितलं नव्हतं. काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं: 'माझी मावशी बिचारी शाळेपासून माझं सगळं लिखाण तपासत आली.' चारशे बारा मोजून आलेल्या माझ्या हातून चारशे तेरावी निघाली होती आणि मला पत्ताही नव्हता.

"'माझी मावशी विचारी...'" आई वाचता वाचता थांबली. पान तिने डोळ्यांजवळ नेलं. "अगं, इथे एक चूक राहिली आहे."

मावशी खिडकीतून बाहेर बघत होती.

"नाही राहिलेली," मी म्हटलं. "पुढे वाच."