चांदबीचा पगार

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत चांदबीचा मार ज्यानं खाल्ला नाही, तो माणूस कालच गावात आला असं खुशाल समजावं. मार हाताचा नव्हे, कुबडीचा. सागवानी कुबडी, बुडाला टायरचं रबर आणि काखेत रुतू नये म्हणून वर जुन्या स्वेटरची गुंडाळी. चालण्यासाठी ती जेवढी वापरली गेली असेल त्याच्या दुप्पट बोलण्यासाठी वापरली गेली. दूधवाल्याच्या मापाला पोचा दिसला, कुबडी. हॉस्टेलचं पोरगं दाराशी थुंकलं, कुबडी. एकदा एक रिक्षावाला "ए लंगडे, सरक" म्हणाला. त्याच्या पुढच्या काचेचा असा काही चुरा झाला, की केसांतून काचा वेचता वेचता तो तिला "अम्मा, अम्मा" म्हणत होता.

धंदा शिलाईचा. डॉक्टर होण्यासाठी अर्धापूर, मुदखेड, कुठून कुठून पोरं या गल्लीत येऊन पडायची. पोरगं अजून वाढेल म्हणून बाप चार बोटं लांब पँट घेऊन द्यायचा. क्लासचा अभ्यास सुरू झाला की पोराची वाढ खुंटायची आणि पँट चांदबीकडे यायची. एका पायानं मशीन दणादणा हाणत ती म्हणायची, "माझा एक पाय अल्लानं आखूड केला, तुमचे दोन-दोन मी करून राहिले."

पाय भूकंपात गेला. औशाच्या पलीकडं तिचं गाव होतं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार. त्या पहाटे त्याच भिंती घरच्या माणसांवर चालून आल्या. नवरा अजीज टेलर झोपेतच चिरडला. चांदबी गुडघ्यापर्यंत दगडाखाली, बाकी सगळी बाहेर, जिवंत आणि संतापलेली. शेजारचा दुकानदार मडिवाळप्पा धावत आला. त्याचा उजवा हात कोपरापासून नुसता लोंबत होता. डाव्या हाताला अंधारात तिची वेणी लागली, ती मुठीत धरून त्यानं तिला मुळा उपटावा तशी उपटून काढली. बाहेर आल्याबरोबर चांदबीनं काय करावं? फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. वेणी धरली म्हणून! तिचा पाय आणि त्याचा हात एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात कापले गेले, आणि तिथंही दोघं खाटेवरून भांडत होते.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. मडिवाळप्पानं तिच्या समोरच वह्या, पेनं आणि गेस पेपरचं दुकान टाकलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, जिभेवर निखारे. दोघांत एक दिवस भांडणाशिवाय गेला तर गल्लीतले लोक तब्येतीची चौकशी करायला येत. पण गावाकडचं वळण असं, की शिवीगाळ कुठल्याही थराला गेली तरी तिच्या तोंडून 'अप्पा' सुटत नसे आणि त्याच्या तोंडून 'भाबी'. "तुमच्या तोंडात माती पडो, अप्पा," असं ती म्हणायची आणि तो अदबीनं उत्तर द्यायचा, "पहिले तुमच्या पडू द्या की, भाबी."

आता पगाराचं सांगितलं पाहिजे. निराधारांना, अपंगांना सरकार महिन्याच्या महिन्याला जे देतं त्याला कागदावर अनुदान म्हणतात. आमच्याकडं त्याला पगार म्हणतात. "म्हातारीचा पगार चालू झाला का?" "आंधळ्याचा पगार तटला म्हणं." अनुदान म्हटलं की माणूस हात पसरून उभा असल्यासारखा दिसतो, पगार म्हटलं की मान ताठ होते. चांदबीची तर मूळचीच ताठ. शिलाईत खोलीचं भाडं निघायचं, पोट पगारावर चालायचं. मुलगी लुबना उदगीरला दिलेली. तिनं दोनदा सांगून पाहिलं, "अम्मी, आमच्याकडं येऊन राहा." चांदबी म्हणाली, "जावयाच्या ओसरीवर भांड्यासारखी पडून राहू व्हय? माझा पगार हाय." लुबना म्हणाली, "ठीक. पगार हाय तवर राहा. तटला की मी न्यायला येणार, मग एक ऐकायची न्हाई." चांदबीनं जोरात मान डोलावली. पगार बंद पडतो कशाला!

आणि त्याच पावसाळ्यात बातमी आली, की सरकार पगार कमी करणार. मुंबईत ठराव व्हायचा आहे म्हणे. बोगस लोक लई झालेत म्हणे. सगळ्यांना पुन्हा तपासणार, आणि ऐंशी टक्क्यांच्या खालचे अपंग सगळे उडवणार.

अख्खी गल्ली टक्क्यांवर जगत होती. पोरांना टक्के, बापांना टक्के, क्लासच्या फलकांवर हार घातलेल्या फोटोंखाली टक्के. आता कटऑफ अपंगांनाही लागला. चांदबीच्या दाखल्यावर सत्तर होते, अप्पाच्या पासष्ट.

"सत्तर म्हंजी तुमचा नंबर जवळजवळ लागून राहिला, भाबी," अप्पा दुकानातून ओरडला. "अजून एक बोट कापून घ्या."

"तुमचं नरडंच कापते. मंग बगा, शंभर भरत्यात का न्हाई."

"हात न्हाई मला. हात मोठा का पाय मोठा? पाय काय, बसलं की लागत न्हाई."

"अन् हात काय, झोपल्यावर लागतो व्हय?"

एरवी हे इथंच थांबलं असतं. पण दोघंही मनातून घाबरले होते, आणि घाबरलेलं माणूस चिडलेल्यापेक्षा वाईट मारतं. चांदबीनं रस्ता ओलांडला आणि कुबडी अप्पाच्या गोळ्यांच्या बरणीवर घातली. अप्पानं रद्दी तोलायचं वजन फेकलं, ते तिच्या खांद्यावर बसलं. तिनं त्याला गल्ल्याच्या पेटीवर दाबलं, त्यानं डाव्या मुठीनं तिच्या बरगडीत ठोसा लावला. पोरं 'प्रकाशाचे परावर्तन' टाकून गॅलरीत गोळा झाली. सोडवलं तेव्हा अप्पाच्या भुवईतून रक्त गळत होतं, विभूतीचे पट्टे लाल झाले होते, आणि चांदबी धापा टाकत म्हणत होती, "पासष्ट टक्क्यावर येवढा मारता! तुमचा पगार बंदच व्हाया पायजे!"

दुसऱ्या आठवड्यात दोघं एकाच रिक्षानं तपासणीच्या शिबिराला गेले.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. जिथं नवरदेव बसतो त्या स्टेजखाली टेबल, टेबलावर काच, काचेमागं साहेब. साहेब पुण्याकडचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून कुणावर ओरडला नव्हता, हीच त्याची ओळख पुरेशी आहे. त्यांच्या हाताखालचा जुना कारकून श्रीमंत (निराधारांचं खातं आणि नाव श्रीमंत, पण नाव ठेवताना बापाला काय माहीत) शिक्का घरी विसरला म्हणून परत गेला होता. सगळा घोटाळा त्यानंतरचा.

रांगेत आधीच महाभारत पेटलं होतं. चाकाच्या फळीवर बसून आलेली पंचशीला लोकांच्या पायांच्या मधून पुढं घुसत होती आणि जो अडवेल त्याच्या पोटरीला दात लावत होती. आंधळा सिद्धराम काठी गरगरा फिरवून आपली जागा राखत होता. ती कुणालाही लागत होती, त्या बाबतीत सिद्धराम अगदी निःपक्षपाती. दोघांनी साहेबांना उत्तरं दिली आणि शिक्क्याची वाट पाहत तिथंच थांबले.

चांदबीचा नंबर आला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पगार आहे का?"

चांदबीची मान ताठ झाली. "हाव. हाय की."

"किती वर्षांपासून?"

"भूकंपापासून."

"कुणाकडून मिळतो?"

"कुणाकडून म्हंजी? सरकारकडून!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कमाल आहे. सकाळपासून जो येतो तो सरकारी पगार घेतोय. तो आंधळा पगारदार, ती फळीवरची पगारदार. आणि पगार असून निराधार म्हणून इथं उभे! जा बाई. नाव कमी केलं."

"काय कमी केलं?"

"नाव. सगळ्यांचीच केलीत. नोकरीही सरकारची आणि मदतही सरकारची, दोन्ही मिळत नसतं."

चांदबीला त्यातलं एवढंच कळलं, की पगार बंद. तिच्या डोळ्यांपुढं लुबना आली, बोचकं बांधलं, उदगीरची ओसरी आली. पुढचं काही तिनं ठरवून केलं नाही. कुबडी डोक्यावरून मागं गेली आणि टेबलावर उतरली. काच फुटली. एक तुकडा साहेबांच्या कपाळात घुसला आणि रक्त नाकाच्या शेंड्यावरून कागदांवर टपकायला लागलं. कुबडी मधोमध मोडली. मोडली तर मोडली, चांदबीनं दोन्ही हातांनी साहेबांची कॉलर धरली आणि त्यांना खुर्चीतून उचलून गदागदा हलवलं. तोवर मागं बातमी पोहोचली होती. रांग टेबलावर कोसळली. कुबड्या, काठ्या, खुर्च्या. शिपायानं साहेबांना सोडवायला उडी घेतली, तर खालून पंचशीलानं त्याची पोटरी पकडली आणि वरून सिद्धरामची काठी त्याच्या कानावर बसली. दारातल्या हवालदारानं आत डोकावलं, त्याला चांदबी दिसली, आणि त्याला बाहेर महत्त्वाचं काम निघालं.

"थांबा! अरे थांबा!" श्रीमंत शिक्का घेऊन दारात उभा होता. तो गर्दीत घुसला, दोन फटके खाऊन टेबलापाशी पोहोचला. "साहेब, काय विचारलं तुमी ह्यांना?"

"पगार आहे का विचारलं," साहेब कपाळावर रुमाल दाबून म्हणाले.

श्रीमंतनं कपाळाला हात लावला. "साहेब, हितं अनुदानालाच पगार म्हणत्यात! माझी मायसुदीक पगारच म्हणती!"

साहेबांनी यादी पुढं ओढली. चूक कळली की मान्य करणारा तो माणूस होता. "घ्या," ते म्हणाले. "सगळी नावं परत घ्या." मग त्यांचं लक्ष समोर गेलं. "ह्या बाई सोडून."

चांदबीनं कॉलर सोडली होती. टेबलाच्या काचांपुढं ती एका पायावर उभी होती. कुबडी नाही, आधार नाही.

"मारलं म्हणून नाही म्हणत," साहेब म्हणाले. "पण बघा ना. कुबडीशिवाय उभ्या आहेत. मला उचललं त्यांनी! ह्यांना अपंग लिहायचं तर मला काय लिहायचं?"

खाली बसली असती तरी काम झालं असतं. नुसता टेबलाला हात लावला असता तरी. पण चांदबीचा अख्खा जन्म न पडण्यात गेला होता. तिनं जबडा आवळला आणि आणखी ताठ झाली. तिची मांडी साडीच्या आत थरथरत होती. ते कुणालाच दिसलं नाही, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मडिवाळप्पाशिवाय.

"भाबी, बसा," तो पुटपुटला.

"न्हाई बसत."

"पगार जाईल."

"गेला तर गेला. ह्याच्या म्होरं बसत न्हाई."

मडिवाळप्पानं आपला एकुलता हात मागं घेतला आणि तिच्या पाठीत सगळ्या ताकदीनं रट्टा घातला.

चांदबी ओंडक्यासारखी तोंडावर आपटली. हनुवटी फरशीवर खाडकन वाजली. दोन दात बाहेर आले. ती हातांवर उठू पाहत होती आणि एकच पाय काचांवरून घसरत होता, पुन्हा पुन्हा.

"बगा साहेब," अप्पाचा आवाज चिरकला. "बगा अन् लिवा."

साहेबांना बघवलं नाही, पण त्यांनी लिहिलं.

मग चांदबीनं हात लांब केला, अप्पाचा घोटा पकडला आणि ओढला. ज्या बाजूला तो पडला त्या बाजूला टेकायला हात नव्हता. नाक थेट फरशीवर. साहेबांनी काही न विचारता त्याच्याही नावापुढं खूण केली.

ती खूण रांगेनं पाहिली. "पडलं की पगार राहतोय," कुणीतरी म्हणालं. पोलिओचा एक गडी टेबलापुढं आला आणि नाव सांगायच्या आधी धाडकन आडवा झाला. एका आईनं आपल्या लेकाला मागून ढकललं. सिद्धराम विचारत होता, "भिंत कुठं हाय? मला भिंतीकडं तोंड करून द्या कुणी," आणि कुणीतरी दिलंही. तो भिंतीवर जाऊन आदळला, मग सगळ्यांनी पाहिलं असेल की नाही या शंकेनं पुन्हा आदळला. पंचशीला फळीवरून उलथी होण्याच्या खटपटीत होती. "अहो नको, नको!" साहेब ओरडत होते, पण एकामागून एक माणसं फरशीवर कोसळत होती.

चांदबी उठून बसली. तोंड रक्तानं भरलेलं. तिनं पायातली चप्पल काढली आणि बसल्या जागेवरून जो हाताशी येईल त्याला हाणायला सुरुवात केली.

"उठा! उठा मेल्यांनो! कुनी पडायचं न्हाई! बसा, उभं ऱ्हावा, पर पडायचं न्हाई!" पोलिओच्या गड्याला दोन बसल्या, तो उठला. लेकाला ढकलणाऱ्या आईला एक बसली. "आन् तुमी, साहेब! विचारा की नीट! कोन पडतंय ह्याची वाट बगता व्हय!" चप्पल साहेबांच्या दिशेनंही गेली असती, पण साहेब आधीच मान खाली घालून भराभर लिहीत होते. त्यानंतर त्यांनी दिवसभर कुणाला एकही प्रश्न विचारला नाही.

रांग कण्हत, शिव्या देत पुन्हा उभी राहिली. फरशीवर आता फक्त मडिवाळप्पा उरला होता. नाक धरून पालथा. चांदबीनं त्याच्या पाठीत एक चप्पल ठेवून दिली.

"उठा अप्पा."

"नाकाचं हाड मोडलं, भाबी."

"मोडू द्या. माझे दोन दात पाडलेत. त्याचं घरी गेल्यावर बगू." तिनं रक्त थुंकलं. "उठा म्हंते ना! तुमीच पडून ऱ्हायलात तर मी कुणाच्या खांद्याला धरून उठू?"

मडिवाळप्पा उठला, गुडघ्यावर आला. चांदबीनं त्याच्या सदऱ्याला हात घातला आणि त्याचा खिसा, दोन गुंड्या आणि थोडी कातडी ओरबाडत ती उभी राहिली.