विमान सौंसरवरून जातं

सौंसरच्या स्मशानात लाकडं तोलणारा गुणवंता कधी विमानात बसला नाही, पण विमानांच्या वेळा त्याला पाठ. पुण्याचं दीड तास, बंगलोरचं पावणेदोन, दिल्लीचं एक चाळीस. मयतीच्या घरचे विचारत, "गुणवंताभाऊ, पोरगा निघाला. सरण कवा रचता?"

तो बोटांवर मोजे. "विमानाचं सोडा. उतरल्यावर बॅग, मंग टॅक्सी, मंग नागपूरहून सत्तर किलोमीटर. दोन तास वरून धरा."

दिवस बुडाल्यावर तो कुणालाच अग्नी देऊ देत नसे. पोरगा तोवर पोचत नाही असं दिसलं, की फोन मागून घ्यायचा आणि एवढंच सांगायचा, "हळू ये बापा." पुढचं पोराला कळायचं.

यंदा मे महिन्यात त्याची बायको उषा गेली. एकुलता वैभव दिल्लीला. सकाळचं विमान रद्द झालं, दुपारचं लेट. पावणेपाचला त्याचा मेसेज आला, 'बाबा, सुटून राहिलं. आईचं तोंड पाहायचं आहे. थांबा.' मग फोन बंद.

"मोजलं का?" गुणवंताचे थोरले चुलतभाऊ रघुनाथराव सरणापाशी उभे होते.

"मोजलं. साडेआठ."

"दिवस पावनेसातले बुडते."

"मले सांगता, दादा?"

"कालच्या सांजपासून बर्फावर ठेवलं तिले. आता बर्फबी भेटून नाई राहिला. हे ऊन पाह्य."

गुणवंताने सरणावरचं एक लाकूड सरळ केलं. आज त्याने काटा न लावताच लाकडं रचली होती.

शेजारचा योगेश पुढे झाला. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना त्याच्या वडिलांचं सरण वीस मिनिटांनी हुकलं होतं; गुणवंता थांबला नव्हता. तो हळूच म्हणाला, "काका, थांबा तुम्ही. मी काई म्हणत नाई."

"म्हणूनच तं थांबता येत नाई रे."

सव्वासहाला उत्तरेकडून घरघर आली. विमान नागपूरच्या वाटेवरच्या लोधीखेड्याच्या अंगाला खाली खाली उतरत चाललं होतं. खिडक्यांची रांगसुद्धा दिसत होती.

"दिल्लीचंच हे," गुणवंता म्हणाला.

"इतक्या जवळून?" योगेश म्हणाला. "मंग..."

"इथं थांबा नाई ना त्याचा."

त्याने उषाच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. घरघर नागपूरकडे विरेपर्यंत ते तसंच हातात धरून उभा राहिला. कुणी हटकलं नाही, रघुनाथरावांनीही नाही. मग कापड सारखं केलं आणि साडेसहाला स्वतःच अग्नी दिला.

जाळ धरतो न धरतो तोच खिशात फोन वाजला.

"बाबा, उतरलो! बॅग बी नाई घेत, तसाच पळून राहिलो. तुम्ही फक्त..."

"हळू ये बापा."

पलीकडे विमानतळावरची घोषणा ऐकू येत राहिली. हे वाक्य वैभव लहानपणापासून ऐकत आला होता.