तोंड हलव, आवाज नको

"तू फक्त तोंड हलव. आवाज काढू नकोस."

गाणं शिकवणाऱ्या बाई हे सगळ्यांसमोर बोलल्या. शाळेच्या हॉलमध्ये आमच्या गायन मंडळाची कार्यक्रमाआधीची शेवटची तालीम होती. मी विचारलं, "काहून बाई? माहा सूर चुकते का?"

"चुकत नाही. पण वेगळा ऐकू येतो. समूहात वेगळा आवाज म्हणजे रेशमाला गोणपाटाचं ठिगळ."

मागच्या रांगेत गाणारी डॉक्टरीणबाई म्हणाली, "मासोळ्या विकताना ओरडते ना, तोच गळा." बायका हसल्या. लपवून नाही, उघड.

आम्ही ढिवर. नवरा तलावात जाळं टाकायचा, मी शहापूरच्या बाजारात मासोळ्या विकायची. शाळा चौथीपर्यंत. सत्तरच्या दशकात हे शास्त्रीय गायनाचं मंडळ निघालं, तेव्हा याच बाई म्हणाल्या होत्या, संगीताला जात नसते, कोणीही या. मी गेले. भूप शिकले, यमन शिकले. दर रविवारी बाजार उरकून, अंग घासून, धुतलेलं लुगडं नेसून जायची. तरी सतरंजी संपली की पुढे मला बसायला वेगळं पोतं. ते मला दिसत नाही असं मी ठरवलं होतं. गाणं मिळत होतं ना. गणपतीत गायलो, शारदोत्सवात गायलो, भंडाऱ्याला जाऊन गायलो. तेव्हा माझा गळा चालला. पुढे मंडळाचं नाव झालं, नागपूरचे मोठे पाहुणे येणार ठरलं, आणि तोच गळा गोणपाट झाला.

मी म्हटलं, मग मी येतच नाही.

"यावंच लागेल," बाई म्हणाल्या. "आमच्यात सगळ्या समाजाच्या बायका आहेत, असं पाहुण्यांना कळवलंय. तू पहिल्या रांगेत उभी राहा. मधोमध."

इतकी वर्षं पोत्यावर. आता मधोमध. मुकी.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "बुजगावणं पाह्यजे त्यायले."

त्या शब्दानं माझं डोकं ठिकाणावर आलं. जायचं ठरवलं, पण बुजगावणं व्हायला नाही.

कार्यक्रमाला सगळ्यांना मंडळाच्या सारख्या हिरव्या साड्या. मंडळाच्या सेक्रेटरीनं माझ्याकडे हात करून सांगितलं, ही आमची मच्छीमार भगिनी. टाळ्या पडल्या. मी अजून एकही सूर लावला नव्हता.

बाईंनी पेटीवर सा दिला. सगळ्यांची तोंडं उघडली. मी माझं मिटलं. गच्च. बाई डोळ्यांनी दटावत होत्या, शेजारणीनं कोपर मारलं. ओठ हलवला नाही. बंदिश संपेपर्यंत लोकांकडे बघत तशीच उभी राहिले.

पाहुण्यांनी माईकवरच विचारलं, "ताई, तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी हाये. मले गायाची मनाई हाये. तोंड हलवाले उभं केलं हाये."

मी स्टेजवरून उतरले आणि घरी चालू लागले.

दुसऱ्या दिवशी साडी परत मागायला माणूस आला. दिली. धुतली नाही.

पुढे बाई एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, मंडळाची अब्रू घालवलीस, एवढा राग बरा नव्हे. मी गिऱ्हाइकाला मासोळ्या तोलून देत होते, बोलले नाही. आता बोलते. तुम्हाला माझी जात दाखवायला हवी होती, गळा नको होता.

आजही कोणी कोणी कार्यक्रमाला बोलावतात. पहिल्या रांगेत बसा म्हणतात. मी आधी विचारते, मले बोलू देसान का? गाऊ देसान का? ते घुटमळले की दार लावून घेते. माझा आवाज नको असेल, तर माझा चेहराही मिळणार नाही.