गॅलरीतून दिसलेली वाटी

आज आमचा वरचा मजला भाड्याने बघायला एक जोडपं आलं होतं. दोघंही प्राध्यापक. पाणी, उजेड, सगळं पसंत पडलं.

मग बाईंनी मागच्या गॅलरीचं दार उघडलं. खाली माधवनगरातली गिरणी कामगारांची जुनी चाळ. तिथून एका म्हातारीने वाटी उंच करून दाखवली.

"हे लोक मागायला वरही येतात का हो?" बाईंनी विचारलं. "मुलं लहान आहेत, आजूबाजूचं बघावं लागतं."

अहो, ती माझी आई! कालवण झालं की मला अशीच वाटी दाखवते. पण मी तोंड उघडेपर्यंत दोघं जिना उतरले होते.

थोड्या वेळाने आई डबा घेऊन वर आली. "गेली व्हय गं पावनी? शिकल्याली माणसं येणार म्हणालीस, म्हणून त्यांच्यासाठीबी आणलं."

त्यांना घर का नको झालं, हे तिला कसं सांगू? तुम्हीच सांगा.