काळ्या बिअरचं मटण आणि आबांचा सराटा

मी माले सोडलं त्या दिवशी गावची जत्रा होती. देवळामागे चुलाण पेटलेलं, त्यावर माणूस मावेल एवढं पातेलं आणि पातेल्यापुढे आबा, माझे वडील. हातात लांब दांड्याचा सराटा. मी बॅग घेऊन पाया पडायला गेले तर म्हणाले, "वाईच थांब, बुडाला लागंल." मी थांबले. मटण बुडाला लागलं नाही, माझी पौडची गाडी मात्र गेली. मग धाकट्या भावाने, बाळूने, मोटरसायकलवरून सोडलं. वाटभर एकच विचारत होता, "आक्के, तितं आयर्लंडात तू करणार काय? भांडी?"

पिरंगुटच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी सहा वर्षं रोज दोन पाळ्यांचं जेवण रांधत होते. पण जत्रेच्या चुलाणावर बाई उभी राहत नाही, ही आमच्या गावची रीत. बायकांनी मसाला वाटायचा, कांदा चिरायचा, डोळे पुसायचे. पुरुषांनी सराटा फिरवायचा आणि वाहवा घ्यायची. मी आबांना एकदा विचारलं होतं. "बाईचा हात मसाल्यापतूर," एवढंच बोलले. बाळूला सराटा पंधराव्या वर्षी मिळाला. मीठ कमी की जास्त, हे त्याला आजही बायको सांगते.

कॉर्क शहरातल्या एका पबच्या किचनमध्ये लागले. नोरा नावाची म्हातारी शेफ होती. पहिल्याच आठवड्यात तिने मेंढीच्या मटणावर स्टाउटची बाटली उपडी केली. स्टाउट म्हणजे काळी बिअर, काळपट भाजलेल्या जवाची, कडवट. "आता हे तू बघ," म्हणाली आणि गेली. मी आपल्या पद्धतीने बघितलं. जाळ मोठा केला आणि तर्रीची वाट बघत रटारटा उकळलं. तासाभरात त्याचं कडूजहर औषध झालं. नोराने एक घास घेतला आणि सगळं कचऱ्यात ओतलं. बोलली असती तर मी भांडले असते.

आईला फोन केला. बिअरचं नाव काढलं नाही, जवाचं काळं पाणी म्हणाले. "रस्सा कडू झाला तर काय करू?"

"जाळ वढून घे. कांदा पार तांबूस हुस्तवर परत, गुळाचा खडा टाक. आन् घाई करू नगं. तुझ्या घाईनंच कडू झालं आसंल."

भरलेली बिअरची बाटली आईने आयुष्यात कधी हातात घेतलेली नाही. रिकाम्या मात्र दर जत्रेनंतर देवळामागून पोतंभर वेचल्यात. तिच्या सांगण्यावर कांदा, गाजर, बटाटा, गुळाचा खडा आणि स्टाउट असं झाकण लावून तीन तास मंद ओव्हनमध्ये ठेवलं. नोराने दोन वाट्या खाल्ल्या. सोबतचा पाव तिने शिकवला. कणीक, ओट्स, काकवी आणि तीच काळी बिअर कालवायची आणि साच्यात ओतून भाजायची. मळणं नाही, थापणं नाही. भाकरी करणाऱ्या बाईला हा आळशांचा उद्योग वाटतो, पण त्या रश्श्यात बुडवायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

आज ते किचन माझं आहे. मटणवाला मला बघूनच भाव उतरवतो. इथले मराठी लोक विचारतात, हॉटेल मॅनेजमेंट कुठून केलंत? मी सांगते, पौडच्या पुढून. तोंडं बघण्यासारखी होतात.

आबा गेले. बाळूने आमच्या भातखाचरात पोहण्याचा तलाव खणला आणि त्याला फार्मस्टे म्हणू लागला. शनिवारी हिंजवडीचे लोक टोप्या घालून येतात आणि चिखलाचे फोटो काढतात. दुसऱ्याच्या चिखलाचं त्यांना फार कौतुक. गेल्या माघात मी गावी गेले तर बाळू गोड बोलायला लागला. "आक्के, तुझं त्ये काळ्या बिअरचं मटण आमच्या आचाऱ्याला शिकीव की. गिऱ्हाईक इचारतंय."

"शिकवते. चैत्रात जत्रेला चुलाणावर मी उभी राहणार. बोल."

"येडी का काय? गाव काय म्हनंल? आधीच बाई, त्यात दारूत मटण शिजीवनारी!"

हे तो बिअरची पेटी फ्रीजमध्ये रचत बोलत होता.

मी साहित्य सगळं सांगितलं. जाळ सांगितला नाही. आचाऱ्याने गॅस फुल केला आणि रटारटा उकळलं. मी खुर्चीवर बसून बघत होते. पाहुण्यांनी ते कडूजहर चाटूनपुसून खाल्लं. एक बाई तर डोळे मिटून म्हणाली, "सो ऑथेंटिक!" आईने बोट लावून चाखलं आणि राखेत थुंकली. "ह्ये कुनी केलं? जनावराला पाजायचं हाय का?"

मी सगळं सांगितलं. जवाचं काळं पाणी म्हणजे काय, तेही. आई आत गेली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आबांचा सराटा आणून माझ्या बॅगेवर ठेवला. "बाळूच्या हातात शोभत न्हाई. ने." जत्रेपर्यंत मी थांबले नाही.

हा सराटा आबांनी त्या पातेल्याच्या बुडाच्या मापानं लोहाराकडून ठोकून घेतला होता. त्याशिवाय ते बूड खरवडलं जात नाही. यंदाच्या जत्रेत बाळूने बाजारातला चकचकीत स्टीलचा आणला आणि अख्ख्या गावाला करपलेलं मटण वाढलं. काल त्याचा निरोप आला, "आक्के, सराटा पाठीव. लोकं तोंडावर हसत्यात."

मी लिहिलं, "पाठवत नाही. पुढच्या चैत्रात घेऊन येते. माझ्या हातात असेल, आणि हातातच राहील. जमत असेल तर कळव."

त्याने वाचलंय. सराटा इथे ओव्हनच्या वर खिळ्याला टांगलाय, या किचनमधल्या सगळ्या भांड्यांपेक्षा लांब आणि कशालाच न बसणारा. गाव, घर, खाचर, तलाव, सगळं बाळूने ठेवावं. मला त्या चुलाणापुढची दोन पावलं जागा हवी आहे. माझं घर तेवढंच उरलंय, आणि त्यात मी एक बोटही सोडणार नाही.