चौथा दिवस रिकामा

आमच्या सिएर्पे गावात डोन्या एर्मिनियांचं, म्हणजे एर्मिनियाबाईंचं, घर कुणी विचारलं, तर ‘जुन्या आंब्यापासून शंभर मीटर खाली’ असं सांगतात. तो आंबा मी शाळेत असतानाच पडला. परदेशी पाहुण्यांनाही हाच पत्ता देतात आणि ते बिचारे भर उन्हात आंबा शोधत हिंडतात. शेवटी बाईच दारात येऊन हात हलवतात.

सव्वीस वर्षं बाईंचं काम एकच, लोकांना त्यांच्या सुट्टीचा आठवडा आखून देणं. समुद्रही बघायचाय, जंगलही बघायचंय आणि दिवस तर सातच, असं म्हणत माणसं येतात. बाई चौकटीच्या वहीचं पान फाडतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि सगळ्यात आधी भरतीचं कोष्टक बघतात. आमच्या नदीचं मुख चुकीच्या वेळी ओलांडायला गेलात, तर आठवडा पहिल्याच दिवशी संपायचा. म्हणून पहिला दिवस होडी, दुसरा किनारा, तिसरा कोर्कोवादोचं जंगल आणि चौथा रिकामा. पाचव्या दिवशी कान्यो बेट, सहाव्या दिवशी धबधबा, सातव्या दिवशी परत. चौथ्या दिवसावरून सगळे कुरकुरतात. एवढ्या लांबून आलो आणि एक दिवस फुकट घालवायचा? बाई सांगतात की जंगलातून आल्यावर एक दिवस बसा, आपल्या माणसांशी बोला, नाहीतर पाचव्या दिवशी होडीत भांडाल. मी होडीवाला आहे. चौथा दिवस खोडणाऱ्यांची भांडणं मी निरनिराळ्या भाषांतून ऐकली आहेत, शिव्या मात्र सगळ्यांच्या कळतात.

पाहुण्यांना त्या आणखी एक गोष्ट बजावतात. इथला माणूस ‘हो’ म्हणाला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आमच्या मुलखात पोटच्या पोरांनाही अहो-जाहो करतात, फार कशाला, कुत्र्यालासुद्धा ‘तुम्ही बाहेर व्हा’ म्हणतात. तिथे तोंडावर ‘नाही’ कोण म्हणणार? आमचं ‘हो’ म्हणजे तुम्हाला वाईट वाटू नये, एवढंच. मग खरं येणार कोण हे ओळखायचं कसं? त्यालाही बाईंचं माप होतं. जंगलाचा परवाना नावानिशी, पासपोर्ट क्रमांकावर निघतो. जो क्रमांक पाठवतो तो येतो आणि जो फोनवर लाल बदाम पाठवतो तो येत नाही. हे माप कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

आणि या बाईंची मुलगी यॉर्लेनी न्यू जर्सीत. लग्न तिकडेच झालं, दोन मुलगे झाले. सहा वर्षांपूर्वी येऊन गेली ती शेवटची. डिसेंबरात फोनवर म्हणाली (आमच्याकडे आईला ‘मामी’ म्हणतात), “मामी, मार्चात पोरांना आठवडाभर सुट्टी आहे. आम्ही चौघंही येतो, देवाची इच्छा असेल तर.” खाली बदाम पाठवले. किती, ते बाईंनी मला फोन दाखवून मोजायला लावलं. अकरा होते.

मी फोन परत दिला. दुसऱ्या कुणाला असे अकरा बदाम आले असते, तर याच बाई हसून पेन्सिल परत कानावर ठेवत्या. पण पोटच्या लेकीपुढे शहाणपण कुणाचं चाललंय?

त्यांनी कागद केला. इतक्या सुबक अक्षरात केलेला कागद मी त्यांच्या हातून कधी पाहिला नव्हता. चौथ्या दिवसापुढे नेहमी ‘रिकामा’ असतं, तिथे लिहिलं होतं, ‘यॉर्लेनी आणि मी’. नातवांसाठी जंगलात घालायचे रबरी बूट आणले. माप दुकानदाराने विचारलं, तर सहा वर्षांपूर्वीच्या पावलांना अंदाजाने चार बोटं जोडून हाताने दाखवलं. पासपोर्टचे क्रमांक तेवढे मागितले नाहीत. मी एकदा आडून विचारलं, तर म्हणाल्या, “आईने कागदपत्रं मागायची का, एवेलिओ? पाठवतील त्या.” मागितले असते तर ‘नाही’ ऐकावं लागलं असतं. ते त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. परवाना त्यांनी फक्त स्वतःचा काढला, बुधवारचा.

मग मला म्हणाल्या, “सोमवारी साडेदहाची भरती आहे. होडी आमच्यासाठी ठेवा. चौघं ती आणि मी पाचवी. सव्वीस वर्षं लोकांना कान्यो बेटावर पाठवतेय, मी पाऊल ठेवलेलं नाही तिथे.”

मी म्हणालो, “हो, डोन्या. नक्की.”

आता मी काय केलं तेही सांगतो. आठ दिवस आधी आठ जर्मन आले, त्यांना नेमका सोमवारच हवा होता. मी त्यांनाही हो म्हणालो. मनात म्हटलं, यॉर्लेनी कुठली येतेय! आणि बाईंना जाऊन होडी नाही असं सांगायचं, म्हणजे तुमची लेक येणार नाही असंच सांगायचं. तेवढी माझी छाती झाली नाही.

शनिवारी यॉर्लेनीचा निरोप आला. सगळं अडचणीचं झालं, मामी, जुलैमध्ये नक्की, देवाची इच्छा असेल तर. वाण्याने मला सांगितलं, बाई म्हणे नेहमीसारख्याच साखर न्यायला आल्या होत्या. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, सुटलो असंही वाटलं.

सोमवारी सव्वादहाला आठ जर्मन होडीत बसवले आणि वळून बघतो तर धक्क्यावर डोन्या एर्मिनिया. डोक्यावर गवताची टोपी, पायात नवे रबरी बूट, हातात छोटी बॅग. एकट्याच.

“कुठे निघालात, डोन्या?” मी मूर्खासारखं विचारलं.

“कुठे म्हणजे? आज सोमवार ना?” त्यांनी होडीकडे बघितलं. माणसं मोजताना त्यांचे ओठ हलतात, तसे हलले. “त्या येत नाहीत म्हणून मी का राहू? कागद तर झालाय.”

मी काहीतरी बोलायला लागलो, की जरा सरकून बसतील, तुम्ही बारीक आहात, जागा होईल. त्यांनी मला थांबवलं. लाइफ जॅकेटं किती आहेत, विचारलं. आठ होती.

“मग मी नववी. नववा माणूस मी कुणाच्या होडीत बसवला नाही, तुमच्या बसवू?” आवाज चढला नाही. वर हसून म्हणाल्या, “काही हरकत नाही, एवेलिओ. पुन्हा कधीतरी.”

त्या ‘काही हरकत नाही’ने माझं तोंड काळं झालं. लेकीलाही शनिवारी त्यांनी हेच सांगितलं असणार, याच सुरात. तीन महिने मी त्या पोरीला मनातल्या मनात नावं ठेवत होतो आणि माझं ‘हो’ तिच्याहून काय वेगळं होतं?

“उद्या,” मी म्हणालो. “उद्या तुम्हाला एकट्यांना नेतो. नक्की.”

बाईंनी बॅगेतून तो कागद काढला, पाठची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

“तुमच्या ओळखपत्राचा क्रमांक लिहा.”

मागे जर्मन घड्याळं बघत होते. मी वाकून गुडघ्यावर कागद धरला आणि नऊच्या नऊ आकडे लिहिले. त्यांनी ते एकदा वाचून बघितले, घडी घातली आणि बॅग उचलून घराकडे गेल्या. उद्याची भरती अकरा वीसची, हे जाता जाता त्यांनीच सांगितलं.

मंगळवारी मी नऊ वाजताच धक्क्यावर जाऊन बसलो. त्या अकराला आल्या. मधल्या फळीवर बसल्या, आजूबाजूला सात जागा मोकळ्या. पाणी चढायची वाट बघताना त्यांनी कागद उघडला. सोमवार बुडाल्यामुळे किनाऱ्याचा दिवस गेला होता आणि बुधवारचा परवाना हलत नव्हता. किनारा आता कुठे घालायचा, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग खोडरबर काढून चौथा दिवस पुसायला लागल्या.

मी म्हणालो, “अहो, तो राहू द्या की. जंगलानंतर एक दिवस रिकामा हवा, हे तुम्हीच सांगता.”

“रिकामे दिवस घरी पुष्कळ आहेत,” बाई म्हणाल्या. पुसलेल्या जागी त्यांनी ‘किनारा’ असं लिहिलं, कागदावरचा चुरा पाण्यात झटकला आणि जॅकेटचे बंद बांधले. भरती आली होती. मी इंजिन सुरू केलं.